जन्मभराची लस

दंडावर कापूस दाबत वृंदा उठली आणि तिने नवऱ्याला खुर्ची दिली. केनियाला जायचं तर यलो फीवरची लस हवीच. "मी नंतर घेतो," म्हणत होता, तिनेच ओढत आणलं. तिथल्या विल्डबीस्ट हरणांचे कळप नदी ओलांडताना पाहायचे ते दोघांनी मिळूनच, असं ठरवून ती अकरा वर्षं कात्रणं जपत होती.

नर्सने त्याचा पासपोर्ट नंबर संगणकात घातला. "काका, तुम्हाला नको. गेल्या जुलैत घेतलीत की! एकदा घेतली की जन्मभर चालते."

गेल्या ऑगस्टमध्ये तो ऑफिसच्या कामाला दहा दिवस कोलकात्याला होता. भर पावसाळ्यात उन्हाने रापून परतला होता.

"वृंदा, अगं ऐक..."

कोणाबरोबर, हे तिने विचारलंच नाही. एवढंच म्हणाली, "दिसले का रे, नदी ओलांडताना?"