ताप यावा म्हणून

"हाही मेला बिघडलेलाच!" नवऱ्याच्या काखेतून काढलेला नवाकोरा थर्मामीटर झटकत कुमुद पुटपुटली. पारा जागचा हलेना.

कर्करोगाचं इंजेक्शन सुरू करताना डॉक्टर म्हणाले होते, "यात निरोप पोचवणारी प्रथिनं आहेत. ती रक्तातल्या मारेकरी पेशींना जागं करून रोगावर सोडतात. त्या जाग्या झाल्या की बहुतेकांना सणसणून ताप भरतो. घाबरू नका." कपाळावर मिठाच्या पाण्याच्या घड्या ठेवून मुलांचे ताप उतरवण्यात जिचा जन्म गेला, ती कुमुद आता ताप यावा म्हणून देव पाण्यात घालून बसली होती.

"वहिनी, दादाचं अंग कोमट लागतंय हं," नणंद म्हणाली.

"वन्सं, तुमच्या हातात आत्ता चहाचा कप होता!"

"मग पंखा बंद करून आणखी एक गोधडी घालूया?"

"गोधडीनं आलेला ताप काय जाळायचाय?" कुमुद कडाडली.

गोधड्यांखालून तो वैतागून उठून बसला. सदऱ्याची वरची बटणं काढत म्हणाला, "सकाळपासून दोघी काखच बघताय माझी. मानेवरची गाठ वाढलीय, ती बघा की कुणीतरी."