ओळखीच्या खुणा

सकाळी आठ वाजून दहा मिनिटांनी खात्यातून चाळीस हजार गेले. बँकेचा मेसेज मुलीच्या मोबाइलवर आला. वर्षभरापासून आईबाबांच्या खात्याचे मेसेज तिच्याकडेच यायचे. अर्ध्या तासात ती दारात उभी होती. अंगात प्रयोगशाळेचा पांढरा कोट, हातात हेल्मेट.

"बाबा, पुन्हा?"

बाबांनी पेपर खाली ठेवला. निवृत्त होऊन सहा वर्षं झाली, तरी इमारतीत सगळे त्यांना लिफ्टवालेच म्हणत. स्वयंपाकघरात आई भांडी घासत होती. गुडघा दुखत असल्यामुळे एका पायावर भार देऊन उभी होती.

"मी नाही," लिफ्टवाले म्हणाले.

"मागच्या वर्षीही हेच म्हणाला होतात. तीन महिने म्हणत होतात."

ते खरं होतं. मागच्या वर्षी गुंतवणुकीचे मेल आले, रोज वर चढणारे आकडे आले, आणि निवृत्तीची जवळजवळ सगळी रक्कम गेली. ती जात असताना लिफ्टवाले घरात शपथेवर नाही म्हणत होते. तेव्हापासून त्यांच्याकडे साधा बटणांचा फोन होता. त्यांचे मेल बायकोच्या मोबाइलवर येत. असले मेल पुसून टाकायचं काम तिचं. खात्याचा पासवर्डही तिच्याचकडे. घरात शहाणं माणूस तेवढं एकच, असं मुलीने तेव्हा जाहीर केलं होतं.

"आयुष्यभर लिफ्टचे दोर तपासलेत तुम्ही," मुलगी म्हणाली. "आणि कोणीतरी म्हणतं वर नेतो, की बसलात आत. दोनदा. अहो, आईच्या गुडघ्याच्या ऑपरेशनचे पैसे आहेत हे. एवढेच उरलेत."

टेबलावर आईचा मोबाइल होता. मुलीने तो उघडला. मेल शोधायला वेळ लागला नाही.

"'आपली हरवलेली रक्कम आमच्या कक्षास सापडली आहे,'" ती वाचू लागली. "'ओळखीच्या खुणा कळवाव्यात आणि सांभाळण्याचे शुल्क भरून रक्कम घेऊन जावी.' आणि तुम्ही कळवल्यात खुणा. पहिल्या पावतीचा नंबर, तारीख, त्या गोडबोल्या माणसाचं नाव. हे तुमच्याशिवाय कोणाला माहीत होतं?"

लिफ्टवाल्यांनी स्वयंपाकघराकडे बघितलं.

गेल्या आठवड्यात मटार सोलताना बायकोने सहज विचारलं होतं, पहिल्या पावतीचा नंबर आठवतो का हो? आणि तो माणूस नाव काय सांगायचा? तक्रारीसाठी विचारत असेल, असं त्यांना वाटलं. त्यांनी सगळं सांगितलं.

बायको तीस वर्षं बस डेपोत हरवलेल्या सामानाच्या काउंटरवर होती. माणूस यायचा, बॅगेचा रंग सांगायचा, तुटलेली चेन सांगायचा, आत काय आहे ते सांगायचा. खुणा जुळल्या की शुल्क घ्यायचं, सही घ्यायची, बॅग द्यायची. किती जण तिच्यासमोर रडले असतील. मागच्या वर्षी सगळं उघड झालं तेव्हा ती एकटीच नवऱ्यावर ओरडली नव्हती. "हरवलंय, बुडालं नाही," एवढंच म्हणाली होती.

स्वयंपाकघरात नळ वाहत होता. एक थेंब वाया न घालवणारी बाई तो बंद करत नव्हती.

"मीच भरले," लिफ्टवाले म्हणाले. "आई आंघोळीला गेली होती, तेव्हा."

नळ बंद झाला.

मुलीने उभ्या उभ्याच खात्याचा पासवर्ड बदलला. मग आत गेली, आईच्या खांद्यावर हात ठेवला आणि नवा पासवर्ड तिच्या कानात सांगितला. "कागदावर लिहू नकोस. आणि मोबाइल उशाखाली ठेवून झोपत जा, बाई. चोर घरातलाच आहे."

ती गेल्यावर बायको पदराला हात पुसत बाहेर आली.

"तुम्ही कशाला घेतलंत अंगावर? दोन दिवसांत पैसे आले की मी सांगणारच होते तिला."

"अगं, पैसे कसले येतायत? ज्यांनी घेतले तेच लोक आहेत हे. खुणा जुळल्या म्हणतात, कारण ती बनावट पावती त्यांनीच फाडलेली."

"तेच असतील तर बरंच की," बायको शांतपणे म्हणाली. "मग बॅग त्यांच्याकडेच असणार." ती खुर्चीत बसली आणि गुडघा चोळू लागली. "निम्मं शुल्क भरून झालंय. निम्म्यावर मी तरी कधी कोणाला बॅग दिली?"

लिफ्टवाल्यांनी बराच वेळ समजावलं. ती ऐकत राहिली. काउंटरवर ओळखपत्र नसलेल्या माणसाचं ऐकायची तसं, मान हलवत. शेवटी ते गॅलरीत गेले आणि बटणांच्या फोनवरून मुलीला फोन लावला. पलीकडे कसलं तरी यंत्र घरघरत होतं.

"ऐक. ते पैसे मी नाही भरले. आईने भरले."

"बाबा," मुलगी हळू आवाजात म्हणाली, "आता आईवर?"

फोन बंद झाला. पुन्हा लावला, तेव्हा तिने उचलला नाही.

साडेबारा वाजले. बायको उरलेलं शुल्क भरायला मोबाइल घेऊन टेबलाशी बसली होती. तिने टेबलावर हात फिरवला, पेपर उचलून पाहिला, मग इकडेतिकडे बघितलं.

"अहो, माझा चष्मा दिसला का कुठे?"

"नाही," लिफ्टवाले म्हणाले.

चष्मा त्यांच्या शर्टाच्या खिशात होता.