पंपाने ‘आहे’ म्हणणं सोडलं

या खटाटोपातून मालिनीबाईंना मिळवायचा होता मुलाचा फक्त एक फोन. बाईंच्या छातीत हृदयाचा पंप बसवल्यापासून अकरा महिने श्रीरंगने फोन केला नव्हता, आणि आपण होऊन करायचा नाही, हा त्यांचा हट्ट. त्याला गरजही नव्हती. बंगळुरूतला त्याचा मोबाइल दर दहा मिनिटांनी पंपाला पिंग करून विचारी, “आहेस का?” पंप इमानदारीत उत्तर देई, “आहे.”

“हे उत्तर देणं बंद कर रे त्याचं,” पंप तपासायला घरी आलेल्या तौफिकला बाईंनी फर्मावलं.

“काकू, पंप चालूच राहील, फक्त ‘आहे’ म्हणणार नाही. तिकडे घाबरतील.”

“घाबरू दे की मेल्याला!”

तौफिकने पंपातल्या लिनक्स या संगणकप्रणालीला लॅपटॉपवरून एका ओळीचा हुकूम सोडला आणि तो गेला. बाई फोन मांडीवर घेऊन बसल्या.

दीड तासाने बेल वाजली, पण दाराची. शववाहिनीची दोन माणसं स्ट्रेचर घेऊन धापा टाकत होती.

“मालिनी पुराणिक यांची बॉडी...”

“मीच ती! उचला!” म्हणत बाईंनी संतापाने श्रीरंगला फोन लावला.

“आई? तू आहेस?” तो चपापला. “पंप उत्तर देईना, म्हणून मी लगेच सगळं बुक केलं.”

“अरे नालायका, आधी एक फोन करून बघायचास!”

“पंपच बंद म्हटल्यावर फोन उचलणार कोण, आई?”

बाईंनी फोन आपटला. श्रीरंगचं मोबाइलवर तीनदा बोट टेकवून भागलं होतं, शववाहिनीवाल्यांना चार जिने चढावे लागले होते, आणि अकरा महिन्यांतला एकुलता एक फोन शेवटी बाईंनाच करावा लागला होता.