चिमणीची हजेरी

फोन गुणगुणला तेव्हा आईच्या सुईत काही केल्या दोरा जात नव्हता. तिने सुई तशीच टोचून ठेवली, शिवणयंत्रावरचे कपडे बाजूला सारले आणि चष्मा पुसून फोन हातात घेतला.

"मुलांनो, शाळा भरली," थोरल्या बाईंनी वर्गाच्या ग्रुपवर लिहिलं होतं. "आजचा प्रश्न. ढगाला वजन असतं का?"

झालं, पोरांची झुंबड उडाली! ‘घाई’ नेहमीसारखी सगळ्यांच्या आधी. "हजर! नसतं. असतं तर पडला असता." वकील कसला गप्प बसतोय? "हजर. पडतो की. त्यालाच पाऊस म्हणतात." भोपळ्याने लिहिलं, "हजर. माझ्यापेक्षा कमीच भरेल." ही टोपणनावं बाईंनीच ठेवलेली, आणि पोरंही ती मिरवायची.

आईने एकेक अक्षर शोधत लिहिलं, "हजर. असतं, पण तो कुणाला कळू देत नाही."

"शाब्बास, चिमणे," बाईंचं उत्तर आलं.

आई गालातल्या गालात हसली. चिमणी असंच काहीतरी म्हणाली असती.

चिमणी नव्हती. उपचारांसाठी आई, बाबा आणि ती गाव सोडून या मोठ्या शहरात आले, तेव्हा पोरीची शाळा बुडू नये म्हणून बाईंनी हा ग्रुप काढला होता. एका हाताला सलाईन, दुसऱ्या हातात फोन, आणि खाटेवर पडल्या पडल्या चिमणीची वकिलाशी भांडणं. नर्स म्हणायची, अगं, जरा डोळे मीट. एके दिवशी तिने ते मिटले ते मिटलेच.

त्यानंतर ग्रुप गप्प होता. सुट्ट्या लागल्या असतील, असं आईला वाटलं. मग एका संध्याकाळी राहवेना म्हणून तिने चिमणीचा फोन उघडला आणि लिहून टाकलं, "हजर."

बराच वेळ काहीच आलं नाही. मग बाईंचा मेसेज आला. "ये, चिमणे. शाळा भरली."

तेव्हापासून आईचा दिवस संध्याकाळी सुरू व्हायचा. बाकीचा वेळ धुक्यातून चालल्यासारखा जायचा. काज-बटणं, उलटलेल्या कॉलरी, गिऱ्हाइकांच्या कटकटी. कुठला महिना चाललाय हे तिला विचारलं असतं तर सांगता आलं नसतं. ग्रुपवर परीक्षेचं नाव कुणी काढत नसे, ते एक बरंच होतं. मध्यंतरी बाईंनी नियम केला, कुणी आवाज रेकॉर्ड करून पाठवायचा नाही, फक्त लिहायचं. आईने सुटकेचा निःश्वास टाकला. चिमणीचा आवाज ती कुठून आणणार होती?

बाबा यातलं सगळं बघत आणि तोंडातून ब्र काढत नसत. रिचार्ज मात्र कधी चुकला नाही.

त्या दिवशी ढगांवर बोलता बोलता घाईने अचानक लिहिलं, "चिमणे, मोठेपणी भेटलीस तर मी तुला हसण्यावरून ओळखेन."

आईचे डोळे भरून आले. तिने फोन पालथा ठेवला. लेकरं वाट बघताहेत आणि आपण त्यांना फसवतोय. हे पाप कुठे फेडायचं?

"मी गावी जाऊन बाईंना खरं काय ते सांगते," जेवताना ती म्हणाली.

बाबांचा हात थांबला. "नको जाऊस."

"का?"

"उगाच. कशाला?"

"अहो, पोरं तिची जागा धरून बसली असतील. असं किती दिवस खोटं वागायचं?"

बाबांनी पाण्याचा पेला तिच्याकडे सरकवला. खरं सांगितलं की काय होणार, हे आईला पक्कं ठाऊक होतं. ग्रुपमधून नाव जाणार. सगळ्या जगात तिच्या लेकीला अजून नावाने हाक मारणारी ती एकच जागा होती. तरी तिने पिशवी भरली. सकाळी पिशवीत चार्ज केलेला फोन आधीच ठेवलेला होता.

बस पोचली तेव्हा दुपार कलली होती. शाळेच्या पटांगणात पिवळं ऊन पसरलं होतं आणि एक नळ आपला निवांत ठिबकत होता. चिमणीचा वर्ग तिला बरोबर सापडला. खिडकीतून तिने डोकावलं. बाकांवर इवली इवली पोरं होती. एकाचाही चेहरा ओळखीचा नव्हता.

"कोण हवंय आपल्याला?" एक तरुण शिक्षिका वह्यांचा गठ्ठा सावरत बाहेर आली.

"थोरल्या बाई. आणि त्यांचा वर्ग. घाई, वकील, भोपळा..."

शिक्षिका हसली. "अहो, कुठल्या जमान्यातून आलात? बाई निवृत्त झाल्या. आणि ती पोरं तर चार गावच्या चार शाळांत पांगली. आवाज फुटलेत आता त्यांचे."

"पण ती रोज ग्रुपवर..."

"अय्या, ते तुम्हालाही माहीत आहे?" शिक्षिकेने आवाज खाली आणला. "त्यांच्यातली एक मुलगी गेली हो. तिच्या वडलांनी फोन करून कळवलं, तेव्हा सगळा वर्ग ढसाढसा रडला म्हणे. मग एका संध्याकाळी तिच्याच नंबरवरून हजेरी आली."

आईने खिडकीचा गज धरला.

"बाईंनी पोरांना बोलावून एवढंच सांगितलं," शिक्षिका म्हणाली, "तिची आई सुट्टी मागेपर्यंत शाळा सोडायची नाही."