शेवटच्या नळाचं पाणी

“नळाचं नाही,” ती म्हणाली. “एक पेलासुद्धा नाही.”

बाबा माशांच्या टँकच्या पुढ्यात खुर्ची ओढून बसले होते. त्यांनी मान हलवली नाही. तिची बॅग दाराशी उभी होती, गाडी अर्ध्या तासात येणार होती आणि प्रशिक्षण सहा आठवड्यांचं होतं. तोवर दोन मासे आणि नखाएवढ्या तुकड्यापासून तिने तळहाताएवढं वाढवलेलं प्रवाळ बाबांच्या हवाली असणार होतं. त्यांच्या तोंडून ‘हो’ निघाल्याशिवाय ती हलणार नव्हती.

“समुद्रातले मासे, त्यांना खारं पाणी लागतं, कळलं,” बाबा म्हणाले. “पण वरून गोडंच टाकायचं ना? मग ते फिल्टरचं काय आणि नळाचं काय.”

“टँकमधून फक्त पाणी उडतं, बाबा. मीठ आतच राहतं. म्हणून रोज दोन लिटर गोडं पाणी भरायचं. पण नळाच्या पाण्यात जे जे असतं तेही आतच राहतं. रोज थोडं थोडं. बेचाळीस दिवस.”

“बादली दिवसभर उघडी ठेवली की क्लोरीन उडून जातो. मला शिकवू नकोस.”

“क्लोरीन उडतो. पाइपातलं तांबं उडत नाही.”

“चौतीस वर्षं या शहराला पाणी पाजलं मी. एकाचं पोट बिघडलं नाही.”

“मलाच बघ ना,” आई स्वयंपाकघरातून म्हणाली. “लग्नापासून यांच्या पाण्यावर जगतेय. काय झालं मला?”

“आई, तुला पाठीचा कणा आहे. कोळंबीला नसतो, प्रवाळालाही नसतो. असल्या जिवांना तांबं सोसत नाही.”

“मला कणा आहे, हे तेवढं यांना सांगून जा.”

बाबा हसले नाहीत. कोळंबीचं नाव निघालं होतं.

“ती म्हातारी झाली होती,” ते म्हणाले.

“सात महिन्यांची होती.”

“तू चार दिवस नव्हतीस. पाणी खाली गेलं होतं. मी भरलं.”

“नळाचं. अख्खी बादली, एकदम. ती कशाने मेली ते मला नक्की सांगता येणार नाही. क्लोरीनने, तांब्याने, की एवढं पाणी एका दमात पडल्याने. म्हणून यातलं काहीच नको.”

बाबा उठले. कपाटाच्या खालच्या खणातून त्यांनी एक छोटी बाटली आणि काचेची नळी काढली. स्वयंपाकघरात जाऊन नळीत नळाचं पाणी धरलं, बाटलीतले दोन थेंब टाकले आणि नळी तिच्यासमोर आणून उजेडात धरली. क्लोरीनमुळे पाणी फिकट पिवळं झालं होतं.

“हे बघ. जलशुद्धीकरण केंद्रापासून इथवर अकरा किलोमीटर. पाइपलाइन आपल्या दाराशी संपते. शेवटच्या नळाला एवढं पिवळं आलं, की समजायचं, मधल्या वाटेत कुणी आजारी पडणार नाही. याला तू खराब म्हणतेस?”

“खराब नाही म्हणत. ते पिवळं काय करतं, बाबा?”

“जंतू मारतं.”

“कुठले?”

“सगळे.”

तिने टँकमधल्या जांभळट दगडांकडे बोट दाखवलं. “त्यांच्यावर जंतूच राहतात. माशांची घाण तेच पचवतात. ते गेले, तर मासे आपल्याच घाणीत मरतील.”

बाबांनी वाकून दगडांकडे पाहिलं. दिसण्यासारखं तिथे काही नव्हतं.

“म्हणजे तू जंतू पाळतेस.”

“तीन वर्षं झाली.”

“आणि मी आयुष्यभर मारले.”

“मारलेत म्हणून तर मी एवढी झाले. इथे मारायचे नाहीत, एवढंच.”

बाबांनी नळी रिकामी केली, ओट्याखालून फिल्टरच्या पाण्याचा कॅन ओढला आणि त्यातल्या पाण्याने नळी दोनदा विसळली. मग पुन्हा भरली. दोन थेंब. खिडकीशी नेली. रंग आला नाही. तिसरा थेंब टाकला. तरी नाही. नळी डोळ्यांसमोर धरून ते तसेच उभे राहिले.

“शून्य,” ते म्हणाले. “शून्य आलं की आम्ही सगळी माणसं रस्त्यावर काढायचो. पाइप कुठे फुटलाय, गटार कुठे मिसळतंय, ते सापडेपर्यंत घरी जायचं नाही.”

“माहीत आहे. तुमचं ताट झाकून ठेवायचं काम माझंच होतं.”

खाली गाडीचा हॉर्न वाजला. आईने बाहेर येऊन बॅग उचलली. लेक जागची हलली नाही.

“बाबा.”

त्यांनी नळी खिडकीत उभी करून ठेवली. कॅन उचलून टँकपर्यंत आणला. एक हात मुठीला, एक बुडाशी. काचेच्या काठावर टेकवून हळूच तिरका केला. पाणी आत पडू लागलं, तसे दोन्ही मासे कोपऱ्यात सरकले.

“असलं पाणी मी कुणाच्या दारात जाऊ दिलं नसतं,” ते म्हणाले आणि त्यांनी धार आणखी बारीक केली.