जागृत डोंगर

हे लिहिणारच नव्हतो. लोक म्हणतील, थापा मारतोय. पण झालंय अगदी असंच.

आखातातल्या रुवैसचा कामगार कॅम्प, २००२ सालचा एक शुक्रवार. मेसमध्ये आम्ही डाळभात खात होतो. आमचे कॉन्ट्रॅक्टर वसंतराव आले आणि ताटं सरकवून त्यांनी नकाशा पसरला. आफ्रिकेजवळ, समुद्रात, काही ठिपके. कोमोरो.

"बेटं आहेत. शाळा बांधायचीय, काळ्या दगडाची. गवंडी आणि हेल्पर, जोडीच पाहिजे. आत्ता सांगा, नाहीतर दुसरी कंपनी माणसं पाठवतेय."

गवंडी म्हणजे भिकाजी, देवगडचा. इथे आल्यापासून त्याने दगडाला हात लावला नव्हता, नुसते स्कॅफोल्डिंगचे पाइप उचलायचे. त्याचा हेल्पर मी. मी नाही म्हटलं की त्याचंही खलास.

"झाडंबिडं आहेत?" भिकाजीने विचारलं.

"नारळ, फणस, लवंग. पार पाण्यापर्यंत हिरवं."

भिकाजी ताट विसरला. मी भात चिवडत बसलो.

वसंतराव सरळ माणूस. म्हणाले, "एक आधीच सांगतो. मोठ्या बेटावरचा डोंगर जागृत आहे."

मी नकाशापासून मागे सरकलो. भिकाजीने मात्र नकाशाला हात जोडले.

"जागृत? मग कसली चिंता, साहेब. नवसाला पावतो?"

अख्खी मेस हसली. शेजारी बसलेल्या रफिकला तर ठसका लागला.

"अरे, देव नाही," मी म्हटलं, "ज्वालामुखी. आतून आग येते. वसंतराव, पेपरात वाचलं होतं, एक अख्खं गाव गेलं होतं ना त्यात?"

"गेलं. लाव्ह्याखाली."

भिकाजी नकाशावरून बोट फिरवत राहिला. मला वाटलं, सुटलो.

"मग त्या गावची माणसं कुठे गेली?"

"कुठे जातायत?" वसंतराव म्हणाले. "दगड गार झाल्यावर परत आली. त्यावरच घरं बांधली."

भिकाजी माझ्याकडे वळला. डोळे नुसते चमकत होते.

"ऐकलंस, विघ्न्या? एवढा कोपला, तरी माणसं त्याचा पायथा सोडून कायमची गेली नाहीत. मेल्या, जागृत म्हणजे आणखी काय असतं?"

या वेळी कोणी हसलं नाही. इथे आल्यापासून भिकाजीला असं पेटलेलं मी पाहिलंच नव्हतं.

"येतो," मी म्हटलं. "नवस तू बोल. तो कोपलाच तर पळायची होडी मी बघतो. आणि शब्द देतो, तुला घेतल्याशिवाय ती सोडणार नाही."