एकच घोट

पाण्याची घंटा झाली. मैदानावरच्या मुलींनी कवायत टाकून पटापट बाटल्या उघडल्या.

"बसून प्या गं! कुणी मागे लागलेलं नाही," खेळाच्या बाई ओरडल्या. "आणि तहानेची वाट बघत बसू नका. तहान लागते तेव्हा शरीराने आधीच बोंब ठोकलेली असते."

हे त्या रोज सांगत. त्यांच्या हातातली बाटली मात्र सकाळी भरली तशीच काठोकाठ होती.

"बाई, उंटाकडे शिकवणी लावलीत की काय?" शिपाई मावशींनी हटकलं. "ओठांची नुसती सालं निघालीत."

"पिते हो."

बाईंनी झाकण फिरवलं, बाटली ओठांशी नेली. आणि नेहमीसारखा तो कानाशी बोलला.

एकच घोट, ताई.

बाईंनी झाकण परत लावलं.

बाईंच्या धाकट्या भावाच्या किडन्या गेल्या होत्या. दिवसाला पाणी किती द्यायचं ते डॉक्टरांनी ठरवून दिलं होतं. नाही म्हणणं आईच्याने व्हायचं नाही, म्हणून ते काम ताईकडे आलं. ताई खमकी. शेवटच्या दिवशी त्याच्या वाट्याचं पाणी सकाळीच संपलं. दुपारभर तो मागत राहिला. तिने कापूस भिजवून त्याचे ओठ ओले केले. "उद्या सकाळी देते हं, राजा," म्हणाली. दिवे लागायच्या आत तो गेला.

तेव्हापासून नळ सोडला की तो बोले. चहा ओतला की बोले. रागावून नव्हे, रागावला असता तर बरं झालं असतं. लहानपणी तिच्या ताटातला घास मागायचा, तसा लाडीगोडीने बोले. त्याला जे दिलं नाही, ते आपल्या घशाखाली कसं उतरावं?

त्या दिवशी पुढची घंटा व्हायच्या आत बाई मैदानातच कोसळल्या.

डॉक्टर तेच होते, धाकट्याचे. "लघवीतून रक्त जातंय तुमच्या. अशाच कोरड्या राहिलात, तर भावाच्या खाटेवर याल," ते म्हणाले. खाटेशी उभ्या आईच्या नजरेला नजर न देता ते निघून गेले.

घरी आल्यावर आई पाण्याचा पेला घेऊन बिछान्याच्या कडेला बसली.

"पी."

"नको, आई. तो बोलतो."

"ठाऊक आहे मला. तू त्याला उत्तरं देतेस, ती भिंतीआडून ऐकते ना मी."

"तहानलेला गेला गं तो. माझ्यामुळे."

आईने पेला दोन्ही हातांत धरला. मग म्हणाली, "नाही गेला तहानलेला. त्या दुपारी तुझा डोळा लागला होता. मी दिलं त्याला. चांगला पेलाभर. सगळं प्यायला बबड्या, हसलासुद्धा. तुला सांगायची छाती झाली नाही. त्या पाण्याने गेला असेल, तर ते पाप माझं. देवाच्या पायांची शपथ."

आई कधी शपथ घेत नसे. खोटं तर तिला जमायचंच नाही. 'मी घरी नाही म्हणून सांग' म्हटलं, तर फोनवर 'ती म्हणतेय, ती घरी नाही' असं सांगून मोकळी होई. उठल्यापासून निजेपर्यंत जिच्या ओठांवर देवाचं नाव, ती त्याच्या नावाने उगाच काही बोलेल का?

ताईने पेला घेतला.

एकच घोट, ताई.

तिने घोट घेतला. घसा कळवळला. दुसरा घेतला. डोळे मिटून, तळ दिसेपर्यंत ती पीत राहिली.

"आणखी?" आईने हळूच विचारलं.

"आण."

आई लगबगीने आत गेली. ताई तिच्या पाठीकडे बघत राहिली. त्या दुपारी ताईची पापणीसुद्धा लवली नव्हती. खाटेच्या दांडीला डोकं टेकून गाढ झोपली होती, ती आई.